शिक्षण की सहल?

सांगलीच्या एका जुन्या घराच्या माडीवर जगाचा मोठा नकाशा टांगलेला आहे. त्यात सोव्हिएत संघ अजून शाबूत आहे, युगोस्लाव्हियाही एकसंध आहे. शाळेने कालबाह्य ठरवून तो अडगळीत टाकला, तेव्हा निवृत्तीला आलेल्या मुख्याध्यापकांनी तो मागून घेतला आणि घरी आणला. आजोबांनी छत्तीस वर्षे भूगोल शिकवला. पनामाचा कालवा, सुएझचा कालवा, मलाक्काची सामुद्रधुनी या साऱ्यांवरून त्यांची छडी हजारो वेळा फिरली होती. प्रत्यक्षात मात्र रत्नागिरीचा समुद्र सोडला, तर त्यांनी दुसरा समुद्र पाहिला नव्हता आणि खऱ्या अर्थाने मोठे म्हणावे असे जहाज तर कधीच नाही.

अशा या घरात एका रविवारी अमेरिकेहून नातीचा फोन आला.

“आजोबा, पुढच्या जानेवारीचं सत्र मी जहाजावर शिकणार आहे.”

“जहाजबांधणी?”

“नाही. इतिहास, अर्थशास्त्र, समुद्रविज्ञान. कॉलेजच जहाजावर असतं.”

आजोबांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, “हे शिक्षण की सहल?”

त्या प्रश्नाचे उत्तर फोनवर मिळण्याजोगे नव्हते. नातीने समजावण्याचा प्रयत्न केला. सेमिस्टर अ‍ॅट सी नावाचा हा उपक्रम १९६३ पासून चालत आलेला आहे. २०१६ पासून अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटी त्याचे शैक्षणिक पालकत्व सांभाळते. परीक्षा होतात, गुण मिळतात आणि ते आपल्या मूळ कॉलेजच्या खात्यावर जमा होतात. ‘वर्ल्ड ओडिसी’ हे जहाज जर्मनीतील कील येथे १९९८ मध्ये बांधलेले असून त्याची लांबी सुमारे १७५ मीटर आहे. त्यावर वर्ग आहेत, ग्रंथालय आहे, दवाखानाही आहे. आजोबांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. पण नातीच्या उच्च शिक्षणासाठी म्हणून त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून एक मुदतठेव बाजूला ठेवली होती, तिचा विषय निघाला तेव्हा त्यांचा आवाज बदलला.

“ती ठेव शिक्षणासाठी आहे, बाळ. फिरण्यासाठी नाही.”

नातीने वाद घातला नाही. तिने शैक्षणिक कर्ज काढले, काही शिष्यवृत्ती मिळवली. घरात मात्र एक अढी राहून गेली. आठवड्याचा फोन चालू राहिला, पण त्यात जहाजाचा विषय कुणी काढेना.

डिसेंबरात नातीचे एक सविस्तर पत्र आले. तिचे मराठी बोलण्यापुरते. लिहिणे सारे इंग्रजीत. पुतण्या ते कागदावर छापून आणी आणि आजोबा चष्मा पुसून वाचत. तिने लिहिले होते, ‘आजोबा, तुमचा प्रश्न नवा नाही. १८ सप्टेंबर १९२६ रोजी न्यू यॉर्कजवळच्या होबोकन बंदरातून रिंडॅम नावाचे जहाज सुमारे पाचशे विद्यार्थी घेऊन जगप्रदक्षिणेला निघाले. कल्पना जेम्स लॉ या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांची. ज्या विद्यापीठाच्या आधारावर ती उभी राहिली, त्याने निघण्यापूर्वीच आपले नाव काढून घेतले. वर्तमानपत्रांनी अभ्यासापेक्षा मुलांच्या मद्यपानाविषयी आणि मुलामुलींच्या एकत्र प्रवासाविषयीच चवीने लिहिले. साडेसात महिन्यांनी, मे १९२७ मध्ये, जहाज परतले तेव्हाही लोक हेच विचारत होते, की हे शिक्षण की सहल? मला उत्तर ठाऊक नाही. पण ते शोधायला मला जायचे आहे.’

आजोबांनी पत्र घडी घालून ठेवले. आजींना इतिहासात रस नव्हता. त्यांची काळजी वेगळी होती. पुतण्याने कुठेतरी वाचून सांगितले होते, की जानेवारी २००५ मध्ये याच उपक्रमाचे ‘एक्सप्लोरर’ हे जहाज उत्तर पॅसिफिकमध्ये वादळात सापडले, प्रचंड लाटेने सुकाणूकक्षाची काच फोडली आणि इंजिने बंद पडली. सारे विद्यार्थी सुखरूप होनोलुलूला पोहोचले, हे शेवटचे वाक्य आजींच्या कानांपर्यंत पोहोचलेच नाही. जहाज बँकॉकजवळून सुटले, त्या दिवसापासून देवघरातला दिवा त्यांनी एकदाही विझू दिला नाही.

पहिले पत्र व्हिएतनामच्या वाटेवरून आले. ते वाचून आजोबा अस्वस्थ झाले. नातीला बोट लागली होती. पहिले दोन दिवस ती अंथरुणावरून उठली नव्हती. उठली तेव्हा दुसरीच अडचण उभी राहिली. जेवणाच्या दालनात मांडलेल्या पदार्थांपैकी कशात काय आहे, हे तिला कळेना. सूप भाज्यांचे दिसे, पण ते कशाच्या पाण्यात शिजवले असेल? केकमध्ये अंडे असणारच. कंदमुळे तर जवळजवळ सगळ्यातच. आजीच्या घरचा नेम तिने परदेशातही सांभाळला होता. मागे मोठी रांग, वाढणारे घाईत, म्हणून ती पाव, सफरचंद आणि घरून नेलेले खाकरे यांवर दिवस काढत होती.

आजोबा उठले आणि कपाटातून गांधीजींची आत्मकथा घेऊन आले. त्यांना जे आठवत होते, ते पानावर तसेच होते. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून विलायतेला शिकायला निघालेला एकोणीस वर्षांचाही न झालेला तो तरुण. निघण्यापूर्वी बेचरजी स्वामी या जैन मुनींसमोर आईला दिलेले तीन व्रतांचे वचन. त्यांतले एक मांसाहार न करण्याचे. जहाजावर काटे-चमचे वापरायची सवय नाही, इंग्रजी बोलण्याचा संकोच आणि कोणता पदार्थ निरामिष आहे हे विचारण्याचे धैर्य नाही. म्हणून तो जेवणाच्या मेजावर न जाता आपल्या केबिनमध्ये बरोबर नेलेली मिठाई आणि फळे खात राहिला.

त्याच रात्री आजोबांनी पुतण्याकरवी नातीला चार ओळींचे उत्तर पाठवले. ‘गांधीजींचे जहाजावर हेच झाले होते. त्यांनी व्रत पाळले, पण विचारले नाही, म्हणून उपाशी राहिले. तू व्रत पाळ आणि विचारही. विचारायला लाजू नकोस.’

उत्तर गेले आणि आजोबांना झोप येईना. ‘विचारायला लाजू नकोस’ हे वाक्य त्यांनी वर्गात किती वेळा उच्चारले होते? फार आठवूनही एखादा प्रसंग सापडेना. आठवले ते दुसरेच. मागच्या बाकावरचा एखादा मुलगा हात वर करी आणि विचारी, “गुरुजी, पण असं का?” त्यावर ठरलेले उत्तर असे, “आधी दिलेलं पाठ कर, मग का ते विचार.” दहावीचा निकाल चांगला लागत असे. त्या निकालांची छायाचित्रे अजून शाळेच्या कार्यालयात आहेत. हात वर करणारी मुले पुढे कुठे गेली, याची नोंद मात्र कुठेच नव्हती.

पुढच्या पत्रांचा सूर बदलला. नातीने धीर करून स्वयंपाकघरातील एका कर्मचाऱ्याला गाठले. तो फिलिपाइन्सचा होता. स्वतःच्या मुलीला सात महिने पाहिले नव्हते. त्याने ‘काय चालत नाही’ याची यादी कागदावर लिहून मागितली, भिंतीवर चिकटवली आणि तिसऱ्या दिवशी विचारले, “आले चालत नाही, मग सुंठ चालते का?” नातीला उत्तर येईना. तो प्रश्न सांगलीला आला. आजींनी उत्तर दिले, की सुंठ वाळलेली असल्याने चालते. जहाजाच्या स्वयंपाकघरात सांगलीच्या एका स्वयंपाकघराची सूचना अशी अमलात आली. आजींच्या दृष्टीने जहाज तेव्हापासून बरेच सुरक्षित झाले.

पत्रांतून जहाजाची दिनचर्याही हळूहळू उलगडत गेली. जहाज बंदरात असताना वर्ग भरत नाहीत. समुद्रावर असताना मात्र रोज भरतात, मग तो शनिवार असो वा रविवार. वार तिथे उरतच नाहीत. उरतात ते फक्त ‘अ’ दिवस आणि ‘ब’ दिवस, आळीपाळीने. एक विषय सर्वांना सक्तीचा असतो, तो म्हणजे पुढे येणाऱ्या देशांची ओळख. त्या तासाला प्राध्यापकांच्या मागे खिडकीतून क्षितिज वरखाली होत असते आणि पहिल्या आठवड्यात निम्मा वर्ग लिंबू हुंगत बसलेला असतो. प्रत्येक विषयाचे एक पूर्ण दिवसाचे प्रात्यक्षिक कोणत्या ना कोणत्या बंदरात करावेच लागते. इंटरनेट मोजके मिळते, म्हणून जेवणानंतर लोक एकमेकांशी बोलत बसतात. काही निवृत्त मंडळीही विद्यार्थ्यांसारखी वर्गात बसतात. घरापासून दूर असलेल्या मुलांनी एकटे पडू नये म्हणून अशा वडीलधाऱ्यांभोवती लहान लहान कुटुंबे बांधली जातात.

आणि घड्याळ! पश्चिमेकडे जाताना मधून मधून रात्री घड्याळ एक तास मागे न्यायचे. भारत जवळ येऊ लागला तेव्हा जाहीर झाले, की या वेळी बदल अर्ध्या तासाच्या हिशेबाने होईल. वर्गात हशा पिकला. हा अर्ध्या तासाचा देश कुठला? नात उभी राहिली आणि तिने सांगितले, की पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते. भारत पूर्व-पश्चिम इतका पसरलेला, की त्याने मधले साडेब्याऐंशी अंशांचे रेखावृत्त धरले. ते मिर्झापूरजवळून जाते, म्हणून साडेपाच तास. लहानपणी सुट्टीत माडीवरच्या नकाशासमोर उभे करून आजोबांनी तिच्याकडून हे घोकून घेतले होते. ‘पाठ केलेलेही उपयोगी पडते, आजोबा,’ असे तिने पत्राच्या शेवटी लिहिले. आजोबांनी ते वाक्य आजींना दोनदा वाचून दाखवले.

जहाज फेब्रुवारीत कोचीला येणार होते. आजींच्या गुडघ्यांना प्रवास झेपणारा नव्हता. नात सांगलीला येऊन परत जाऊ शकली असती, पण ठरल्या वेळेआधी जहाजावर चढले नाही तर जहाज कुणासाठी थांबत नाही. मग पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. गाडी चुकली तर काय, या विचाराने आजी घाबरल्या. तेव्हा एकोणऐंशी वर्षांच्या आजोबांनी कुणालाही अपेक्षित नसलेली गोष्ट केली. मिरजेहून मडगावमार्गे एर्णाकुलमला जाणाऱ्या गाडीची दोन तिकिटे त्यांनी पुतण्याला काढायला लावली. आजींनी एका डब्यात लसूण न घातलेले भडंग भरले, दुसऱ्यात बेदाणे.

त्या दिवशी पहाटे आजोबा फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर उभे होते. कोचीच्या बंदरात शिरणारे प्रत्येक जहाज फोर्ट कोची आणि वायपीन यांच्यामधल्या चिंचोळ्या तोंडातूनच जाते. उजेड फुटत असताना धुक्यातून एक पांढरा आकार पुढे सरकू लागला. आजोबांनी नकाशावर जहाजांचे मार्ग तुटक रेषांनी काढले होते. ती तुटक रेष आज त्यांच्यासमोरून, शंभर-दोनशे पावलांवरून, चालत चालली होती आणि तिच्यावर माणसे हात हलवत होती. त्यांपैकी आपली नात कोणती, हे दिसणे शक्य नव्हते. तरीही आजोबांनी हात वर केला.

जहाज आत गेले तेव्हा त्यांचे लक्ष किनाऱ्यावरच्या चिनी जाळ्यांकडे गेले. लाकडी ओंडक्यांच्या लांब भुजा, एका टोकाला पाण्यात उतरणारे जाळे आणि दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले मोठाले दगड. चार-पाच माणसे दोर ओढत आणि भलेमोठे जाळे अलगद वर येई. जाळ्यात तडफडणारे मासे आजोबांना पाहवेनात. त्यांनी मान फिरवली. पण ती तरफ पाहिल्याशिवायही राहवेना. टेकू कुठे, भार कुठे, बल कुठे, हे त्यांनी फळ्यावर असंख्य वेळा काढले होते. शेवटी जाळे पुन्हा रिकामे होऊन पाण्यात उतरल्यावर ते पुढे झाले आणि पुतण्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीच्या आधाराने एका कोळ्याला त्यांनी विचारले, “हे दगड वेगवेगळ्या वजनांचे का बांधले आहेत?” त्या माणसाने दोर सोडून त्यांना सगळे हातवाऱ्यांनी समजावले. दगड एकेक करून जमिनीला टेकत जातात, तसा समतोल बदलत जातो. आजोबा कितीतरी वेळ ते पाहत राहिले.

दुपारी विलिंग्डन बेटाच्या धक्क्याच्या फाटकाबाहेर नात भेटली. तिने वाकून नमस्कार केला. बरोबर तिची केबिनसोबतीण होती, नेब्रास्कातल्या शेतकऱ्याची मुलगी. बाहेरच्यांना जहाजावर प्रवेश नसतो. तेव्हा आजोबांनी फाटकातूनच जहाज डोळे भरून पाहिले.

पुढचे दोन दिवस चौघे मिळून फिरले. मट्टांचेरीच्या गुजराती वस्तीत जेवणाची सोय झाली होती. पहिल्याच दिवशी जेवताना त्या मुलीने विचारले, की तुम्ही जमिनीखालचे का खात नाही? आजोबांनी नियम सांगितला. तिने पुन्हा विचारले, “पण का?” आजोबा थबकले. मग सावकाश म्हणाले, की फळ तोडले तरी झाड जगते. कंद उपटला की सारे रोप जाते, आणि त्याच्याभोवती मातीत राहणारे असंख्य जीवही. ती मुलगी लगेच म्हणाली, की हे खरे आहे. आम्ही शेतातली माती तपासून घेतो, चमचाभर मातीत मोजता येणार नाहीत इतके सूक्ष्म जीव असतात. नात भाषांतर करीत होती. आजोबांनी त्या मुलीच्या पानात स्वतःच्या हाताने आणखी एक पोळी वाढली.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्यांनी वास्को द गामाच्या रिकाम्या थडग्याचा दगड पाहिला. १५२४ मध्ये तो कोचीत मरण पावला. अवशेष नंतर पोर्तुगालला नेले गेले. बोटीने बेटाकडे परतताना आजोबा सवयीने म्हणाले, “कोची, नैसर्गिक बंदर.”

“आजोबा, पूर्ण नैसर्गिक नाही,” नात म्हणाली. “इथे तोंडाशी वाळूचा दांडा होता. मोठी जहाजं आत येऊ शकत नव्हती. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या अभियंत्याने १९२० च्या दशकात तो कापून काढला आणि उपसलेल्या गाळातून हे विलिंग्डन बेट तयार केलं. परवाच आमच्या तासाला झालं हे.”

आजोबा काही वेळ पाण्याकडे पाहत राहिले. “म्हणजे छत्तीस वर्षे मी अर्धंच सांगत होतो,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खेद होता, पण राग नव्हता. मग त्यांनी विचारले, “एवढा गाळ उपसला कसा?” आणि नातीने वहीतले चित्र काढून दाखवले. त्या बोटीत शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण, हे दुसऱ्या कुणाला ओळखता आले नसते.

निघण्याच्या दिवशी सहाच्या आत जहाजावर चढायचे होते. चार वाजल्यापासून रांग लागली. उशिरा येणाऱ्याला पुढच्या बंदरावर, बाकीचे उतरून गेले तरी, काही तास जहाजावरच अडकून राहावे लागते. सहाला काही मिनिटे असताना एक मुलगा रिक्षातून उतरून धावत सुटला, तेव्हा फाटकाबाहेरून सर्वांत मोठ्याने “पळ, पळ!” असे ओरडले ते शिस्तप्रिय मुख्याध्यापक. नात शिडीच्या वरच्या टोकाला पोहोचली, वळली आणि तिने भडंगाचा डबा वर करून दाखवला. सुंठ चालते का असे विचारणाऱ्या त्या गृहस्थासाठी त्यातला अर्धा होता.

त्यानंतरची पत्रे दक्षिणेकडून आली. विषुववृत्त ओलांडताना जहाजावर वरुणराजाचा उत्सव होतो. कुणी खलाशी राजा बनतो, डोक्यावर दुर्गंधी पाणी ओततात, एका मेलेल्या माशाचे चुंबन घ्यायला लावतात आणि कित्येक मुले-मुली हौसेने मुंडण करून घेतात. नातीने विचारले, ‘मासा सोडून बाकी सगळे केले तर चालेल का?’ चालले. कुणी हसले नाही. तिच्या मागच्या दोन मुलांनीही मग तीच सवलत मागून घेतली.

मार्चमध्ये एके सकाळी आजोबा बँकेत गेले. मुदतठेवीची पावती त्यांनी काउंटरवर ठेवली आणि विचारले, की मुदतीआधी मोडली तर व्याज किती कमी होईल? तरुण कर्मचाऱ्याने आकडा काढून दाखवला आणि आपुलकीने म्हणाला, “गुरुजी, दहाच महिने राहिलेत. नुकसान होईल. थांबता येणार नाही का?”

“नातीचं कर्ज आहे. त्यावरचं व्याज याहून जास्त आहे,” आजोबा म्हणाले.

“कसलं कर्ज?”

“शिक्षणाचं,” आजोबा म्हणाले आणि अर्जावर सही करण्यासाठी त्यांनी खिशातले पेन काढले.